न गाणाऱ्याचं घराणं

मराठी रसिकाला नाटक आवडतं, पण त्याहून जास्त, ते आपण मूळ संचात पाहिलेलं असणं आवडतं. नाट्यगृह कुठलंही असो, मध्यंतरात वड्याच्या काउंटरपाशी एक गृहस्थ उभे असतातच. आपण उत्साहाने म्हणावं, "काय रंगलाय हो प्रयोग!" ते वड्याचा तुकडा सावकाश चावतात आणि म्हणतात, "हं. बरं करतात ही मुलं. आम्ही मूळ संचातलं पाहिलंय ना, त्यामुळे..." वाक्य पुरं करत नाहीत. गरजच नसते. आपल्या तिकिटाचे पैसे तिथल्या तिथे बुडालेले असतात. यात गूढ एवढंच, की मूळ संच पाहिलेल्यांची संख्या वर्षागणिक वाढत जाते. सुरुवातीच्या प्रयोगांना निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या म्हणून निर्माता आयुष्यभर हळहळतो, आणि त्याच प्रयोगांना हजर असलेली माणसं पन्नास वर्षांनी शिवाजी मंदिरात मावणार नाहीत इतकी निघतात.

या गृहस्थांची मोठी सोय अशी, की पुरावा नसतो. आपल्याकडे नाट्यपदांच्या तबकड्या निघाल्या, पण एक गायक, एक पद आणि तीन-साडेतीन मिनिटं, असा मामला. अख्खा संच एका जागी बसवून नाटकातली सगळी गाणी ओळीने ध्वनिमुद्रित करायची चाल न्यूयॉर्क-लंडनकडची. तिकडे संगीत नाटक रंगभूमीवर आलं की त्याचं 'कास्ट रेकॉर्डिंग' होतं. म्हणजे मूळ संच कपाटात उभा. सुई टेकवा आणि ऐका. आता वाद मिटायला हवा की नाही? तर नाही. वाद तिथूनच सुरू होतो.

हे मला कळलं ते आमच्या एका स्नेह्यांमुळे. बँकेतून निवृत्त झाले, मुलगी सासरी गेली, मुलगा परदेशी गेला आणि हे 'माय फेअर लेडी'त गेले. बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून ॲलन जे लर्नरने शब्द आणि फ्रेडरिक लोवने संगीत देऊन रचलेलं, एका फुलवालीला शुद्ध बोलायला शिकवणाऱ्या प्रोफेसरचं हे संगीत नाटक १९५६ साली न्यूयॉर्कला लागलं आणि २७१७ प्रयोग उतरलंच नाही. आमच्या स्नेह्यांकडे त्याच्या इतक्या रेकॉर्डी आहेत की वहिनींनी एकदा मला विचारलं, "भाऊजी, ती मुलगी अजून शुद्ध बोलायला शिकली नाही का हो? रोज संध्याकाळी पहिल्यापासून सुरुवात!"

यातल्या दोन रेकॉर्डी सख्ख्या बहिणी आहेत. पहिली न्यूयॉर्कची, १९५६ची, मोनो. दुसरी लंडनची, १९५९ची, स्टीरिओ. लंडनमध्ये नाटक ड्ररी लेनच्या थिएटर रॉयलमध्ये १९५८ साली आलं तेव्हा मुख्य माणसं तीच होती : रेक्स हॅरिसन, ज्युली अँड्र्यूज, स्टॅन्ले हॉलोवे, रॉबर्ट कूट. गाणी तीच, चाली त्याच, मध्ये जेमतेम तीन वर्षं. साधा माणूस म्हणेल, मग एक ठेवा आणि दुसरी कुणाला तरी देऊन टाका. असं वहिनी म्हणाल्या होत्या. त्या दिवशी घरात जेवणं उशिरा झाली.

रेकॉर्डीच्या वेष्टणावर अल हर्शफील्डचं प्रसिद्ध रेखाचित्र आहे. वर ढगात दाढीवाला शॉ. त्याच्या हातातल्या दोऱ्या प्रोफेसर हिगिन्सला बांधलेल्या आणि हिगिन्सच्या हातातल्या दोऱ्या फुलवाल्या एलायझाला. चित्र सुरेख आहे, फक्त शॉच्या बाबतीत धादांत खोटं आहे. त्याच्या 'आर्म्स अँड द मॅन'वरून कुणीतरी 'द चॉकलेट सोल्जर' नावाचा ऑपेरेटा केला तेव्हा त्याचं डोकं जे फिरलं, ते आपल्या एकाही नाटकाला यापुढे कुणी चाल लावायची नाही असं बजावूनच शांत झालं. तो १९५० साली वारला. सहाव्या वर्षी हे नाटक उभं राहिलं. ढगातून तो दोऱ्या हलवत असलाच, तर पडदा पाडण्यासाठी हलवत असेल.

पण एका माणसाने शॉचा मान राखला. रेक्स हॅरिसन गायलाच नाही.

हे नीट समजून घ्यायला हवं, कारण पुढची सगळी तुलना याच एका खुंटीवर टांगलेली आहे. हॅरिसन हा गद्य नट. आपल्या संगीत रंगभूमीवरही गद्य नट असत, पण त्यांना कुणी पदं देत नसे. ते रागवायचे, खलनायकी करायचे, विनोद करायचे आणि पद सुरू झालं की आत चहा प्यायचे. लर्नर आणि लोवने उलटं केलं. प्रोफेसरची मुख्य भूमिका गद्य नटाला दिली आणि वर गाणीही दिली, एक-दोन नव्हे, चांगली ओंजळभर. मग त्याच्या बेताने चाली बांधल्या. वाद्यवृंदाने सूर धरायचा, हॅरिसनने त्या सुराच्या आसपास बोलायचं. कधी सुराला हात लावायचा, लगेच काढून घ्यायचा. सुरावर बोलायचं कसं, याची त्याने रीतसर शिकवणी घेतली. म्हणजे न गाण्यासाठी गुरू केला. आपल्याकडे गाण्यासाठी गुरू करून न गाणारे पुष्कळ निघाले, पण हा प्रामाणिक प्रकार वेगळाच.

न्यू हेवनला रंगीत तालमी झाल्या, पहिल्या प्रयोगाची तिकिटं विकली गेली, बाहेर बर्फ पडायला लागला आणि हॅरिसनने जाहीर केलं की आज मी उभा राहणार नाही. तोवर पियानोवर सराव केलेला; समोर पूर्ण वाद्यवृंद वाजायला लागल्यावर आपला सूर कुठे, हे त्याला सापडेना. ज्याला गायचंच नाही त्याचा सूर हरवला, ही घटना संगीताच्या इतिहासात नोंदवून ठेवण्यासारखी आहे. खोलीचं दार लावून बसला. प्रयोग रद्द झाला म्हणून नटमंडळी गावात पांगली. मग कुणी समजावलं, कुणी दम दिला, नट शोधून शोधून परत आणले आणि प्रयोग झाला. पुढे काय झालं ते २७१७ या आकड्यात आहे.

न्यूयॉर्कला नाटक लागलं १५ मार्चला. रविवारी, २५ मार्चला, संचाला सुट्टी होती, म्हणून कोलंबिया कंपनीने तो दिवस गाठला. नाटकाचं भांडवलच मुळी कोलंबियाच्या मालकांनी, सीबीएसने, घातलेलं. त्यामुळे सुट्टीची तक्रार कोण ऐकणार? पूर्व तिसाव्या रस्त्यावर एक जुनं चर्च होतं, त्याचा कोलंबियाने स्टुडिओ केला होता. पुढे माइल्स डेव्हिसने 'काइंड ऑफ ब्ल्यू' तिथेच वाजवलं. गॉडर्ड लिबरसन हा निर्माता काचेमागे बसला. आठवडाभर प्रयोग करून घसे बसलेले आणि विसावा म्हणून हे. ती रेकॉर्ड लाखोंनी खपली आणि लोकप्रिय रेकॉर्डींच्या यादीतून वर्षानुवर्षं हलली नाही.

आता या दोन बहिणींची परीक्षा. स्नेही ती घेतात तेव्हा मी समोर असतो; खरं तर समोर कुणीतरी लागतंच. शेवटचं गाणं लावतात. एलायझा घर सोडून गेली आहे, आणि प्रोफेसरसाहेबांना, आपण तिच्यावाचून मजेत राहू, असं स्वतःला पटवायचं आहे, ते गाणं. दिवे मालवायचे नाहीत, पण पंखा बंद. पंख्याच्या आवाजात हॅरिसनचा श्वास दबतो. आधी १९५६. सुई खरखरते. हॅरिसन बोलू लागतो, आणि खरंच, तो वाद्यवृंदाच्या बरोबर चालतो, एक डोळा निर्देशकाच्या काठीवर ठेवून. जिथे रागवायचं तिथे रागावतो, मऊ व्हायचं तिथे मऊ होतो, आणि मऊ होताना अर्ध्या ओळीपुरता चक्क गातो. मग स्वतःच दचकल्यासारखा परत बोलण्यावर येतो.

"पाहिलंत?" स्नेही कुजबुजतात. "घाबरला."

मग १९५९. तोच माणूस, पण मध्ये शेकडो प्रयोग झाले आहेत. आता तो काठीकडे बघत नाही. सुरावट होऊन गेली तरी ओळ सुरू करत नाही. वाद्यं थबकतात, हा मनात येईल तेव्हा येतो, दोन शब्द भर्रकन उरकतो, तिसऱ्यावर बसून राहतो. आणि ती अर्धी ओळ, जिथे तीन वर्षांपूर्वी तो गायला होता, तिथे आता बोलतो. सूर दाराशी येऊन उभा आहे आणि हा त्याला आत घेत नाही.

"इथे त्याचं न गाणं मुरलं," स्नेही म्हणतात. आवाज असा लागलेला असतो, की अब्दुल करीम खाँसाहेबांच्या पंचमाबद्दल बोलताहेत असं वाटावं.

माझं मत विचाराल तर मला १९५६ची आवडते, नेमकी त्या दचकण्यासाठी. प्रोफेसर हिगिन्सला तेव्हा ठाऊक नसतं की आपण प्रेमात पडलो आहोत. लंडनच्या रेकॉर्डीत त्याला ठाऊक आहे, आणि प्रेक्षकांना ते आवडतं हेही ठाऊक आहे. हे मी स्नेह्यांना एकदा सांगितलं. त्यांनी पंखा लावला.

ज्युली अँड्र्यूजबद्दल मात्र आमच्यात भांडण नाही, आणि म्हणून करमणूकही नाही. पहिल्या रेकॉर्डीच्या वेळी ती वीस वर्षांची होती, दुसरीच्या वेळी तेवीस. तालमीत तिला एलायझा सापडेना, तेव्हा दिग्दर्शक मॉस हार्टने शनिवार-रविवार बाकी सगळ्यांना सुट्टी दिली आणि दोन दिवस तिला एकटीला घासून-पुसून काढलं. म्हणजे नाटकातली शिकवणी नाटकाबाहेर झाली. आवाज स्वच्छ, स्वर सुईच्या टोकावर, उच्चार तर असे की आधी रस्त्यावरची वाटते आणि नंतर राजवाड्यातली. यात तुलनेला जागाच नाही. जी उत्तम गाते तिच्याबद्दल माणूस "वा" म्हणतो आणि पुढे सरकतो; जो गात नाही त्याच्यावर रात्र काढता येते.

हे खरं सिद्ध झालं ते १९६४च्या चित्रपटात. जॅक वॉर्नरला पडद्यावर नाव हवं होतं. ज्युलीने तोवर एकही चित्रपट केला नव्हता, म्हणून एलायझा ऑड्री हेपबर्नकडे गेली. हेपबर्नने गाण्याची शिकवणी घेतली, गाणी ध्वनिमुद्रितही केली, आणि मग बहुतेक ठिकाणी तिचा आवाज पुसून मार्नी निक्सनचा भरला. प्रोफेसरला धडा शिकवायची स्वप्नं पाहणारं जे चिडकं गाणं आहे, त्यात तर चिडते हेपबर्न आणि उंच सूर आला की मधल्या मध्ये निक्सन येऊन काम करून जाते. एलायझावर भाळलेल्या फ्रेडीचं काम जेरेमी ब्रेटने केलं, तोच तो पुढचा शेरलॉक होम्स. त्याच्याही गळ्यातून गातो बिल शर्ली. आपल्याला यात काही वावगं वाटत नाही. आपल्या दोन-तीन पिढ्यांच्या नायिका एकाच गळ्याने गायल्या आणि आपण तो गळा ओळखून टाळ्या वाजवल्या. तिकडे मात्र निक्सनचं नाव श्रेयनामावलीत नाही आणि हेपबर्नचं नाव ऑस्करच्या यादीत नाही.

आणि हॅरिसन? सगळ्या संचात ज्याला उसना आवाज देणं सोपं होतं, तोच एकटा म्हणाला, मला आधी ध्वनिमुद्रण करून मग ओठ हलवायला जमणार नाही, कारण मी हे दोनदा सारखं कधीच म्हणत नाही. न गाणाऱ्याने उपज सांभाळायचा हट्ट धरला! मग त्याच्या टायमध्ये बिनतारी मायक्रोफोन लपवला आणि त्याचं न गाणं जागच्या जागी टिपलं. त्या वर्षी चित्रपटाला आठ ऑस्कर मिळाली. त्यांत एक ध्वनीचं होतं आणि एक हॅरिसनला. अभिनेत्रीचं गेलं 'मेरी पॉपिन्स'साठी ज्युली अँड्र्यूजला. गोल्डन ग्लोब घेताना तिने, हे सगळं ज्यांच्यामुळे शक्य झालं ते, म्हणून जॅक वॉर्नरचे हसून आभार मानले. हिगिन्सने शिकवलेलं शुद्ध बोलणं आणि एलायझाची जुनी जीभ, दोन्ही एका वाक्यात.

यानंतरच्या रेकॉर्डी आल्या त्या एका मोठ्या पेचात सापडून आल्या. पुढच्या नटाने करायचं काय? गायलं, तर "हॅरिसन असं करत नसे." नाही गायलं, तर "हॅरिसनची नक्कल." हॅरिसनने अडचणीतून काढलेली पळवाट बघता बघता घराणं झाली. गायकी नाही, पण बंदिशी पाठ.

१९८७ साली डेक्का कंपनीने नाटक न करताच नुसती रेकॉर्ड काढली. जॉन मॉचेरीच्या हाती निर्देशकाची काठी, प्रोफेसर जेरेमी आयर्न्स, आणि एलायझाला किरी ते कानावा! नाटकात एलायझा कॉव्हेंट गार्डनच्या ऑपेरागृहाबाहेर फुलं विकत बसते. किरीबाई त्याच ऑपेरागृहात आतल्या बाजूने गाऊन जगप्रसिद्ध झालेल्या. त्यामुळे ही फुलवाली गाऊ लागली की आतल्या बाई चुकून बाहेर आल्या आहेत, कुणीतरी गाडी मागवा, असं वाटत राहतं. आवाज अप्रतिम आहे. गरिबी तेवढी पटत नाही. प्रोफेसरचा मित्र कर्नल पिकरिंग मात्र सर जॉन गिलगुड. गद्य नटांतले महर्षी. त्यांच्या वाट्याला गाणं असं फारसं नाही, पण त्यांचं नुसतं बोलणं आल्यावर आमच्या स्नेह्यांनी सुई उचलली, खुर्चीवरून उठले आणि म्हणाले, "हे खरे खलिफा."

परभाषांचा विषय स्नेह्यांनी नव्याने काढला आहे. बर्लिनमध्ये १९६१ साली नाटक गेलं तेव्हा फुलवालीला बर्लिनची गावठी बोली दिली. ती रेकॉर्ड ते मनापासून ऐकतात. जर्मन येत नसल्यामुळे उच्चारांवर टीका अधिक मोकळेपणाने करता येते. मेक्सिकोच्या १९५९च्या स्पॅनिश प्रयोगात एका छोट्या भूमिकेत एक तरुण होता, प्लासिदो दोमिंगो. पुढे ज्याचा आवाज ऐकायला ऑपेरागृहं भरली तो किरकोळीत उभा, आणि नायक बोलतोय! या नाटकात गाता येणं हा बढतीच्या आड येणारा गुण आहे.

घराण्याची परमावधी मात्र १९५६ सालीच झाली होती. शेली मॅन ड्रमवर, आंद्रे प्रेव्हिन पियानोवर आणि लिरॉय व्हिनेगर बासवर, अशा तिघांनी याच गाण्यांची जाझ रेकॉर्ड काढली. तीत कुणीच गात नाही. कुणी बोलतही नाही. ती धडाक्यात खपली. तोच प्रेव्हिन पुढे चित्रपटाचा संगीत-संयोजक झाला आणि त्याने ऑस्कर घेतलं.

आणि आपले पुलं? १९७५ साली त्यांची, 'पिग्मॅलियन'वरूनच बेतलेली 'ती फुलराणी' रंगभूमीवर आली. आता हा माणूस पेटीवर बसला की मैफल लुटणारा, चित्रपटांना संगीत दिलेला, नाट्यसंगीत ज्याच्या नसानसांत. मनात आणलं असतं तर न्यूयॉर्कवाल्यांच्या तोंडात मारेल असं संगीत नाटक त्याने एकहाती उभं केलं असतं. त्याने शॉचं गद्य धरलं. पदं नाहीत. पण भक्ती बर्वेंची मंजुळा चिडून प्रोफेसरला धडा शिकवायची भाषा करते ते लांबलचक स्वगत आठवा. त्याची लय, ती चढत जाणारी पट्टी, समेवर आदळणारे ते शब्द. हॅरिसनने गाण्याचं बोलणं केलं होतं, भक्तीबाईंनी बोलण्याचं गाणं केलं. इकडेही पुढच्या प्रत्येक मंजुळेला मध्यंतरात वड्याच्या काउंटरपाशी तोच शेरा ऐकावा लागला, हे सांगायला नकोच. "बरं करते मुलगी. आम्ही भक्तीचं पाहिलंय ना, त्यामुळे..."

हे मी स्नेह्यांना ऐकवलं तेव्हा ते पहिल्यांदाच गप्प झाले. वहिनी म्हणाल्या, "मी पाहिलंय. लग्नाआधी. मैत्रिणींबरोबर." स्नेह्यांनी बायकोकडे बघितलं. इतक्या वर्षांचा संसार, आणि घरात मूळ संच पाहिलेलं माणूस आहे याचा पत्ता नाही. त्यांनी घाईघाईने विचारलं, "मग प्रोफेसरच्या कामात सतीश दुभाषी कसे होते? कुठे थांबायचे? श्वास कुठे घ्यायचे?"

"मला काय माहीत? मी नाटक बघत होते," वहिनी म्हणाल्या आणि भाजी निवडायला लागल्या.

आता मुलाने परदेशातून २०१८च्या लिंकन सेंटरच्या प्रयोगाची रेकॉर्ड पाठवली आहे. फोनवर वाजते, सुई नाही, खरखर नाही. या प्रयोगात शेवटी एलायझा प्रोफेसरला सोडून सरळ निघून जाते म्हणे. शॉला हेच हवं होतं. ती परत येते असं समजणाऱ्यांशी तो हयातभर भांडला. पण तिचं जाणं नुसत्या कानाने कळायचं कसं, हा आमच्या स्नेह्यांपुढचा प्रश्न नव्हता. त्यांनी पंखा बंद केला आणि डोळे मिटून हॅरी हॅडन-पॅटन नावाच्या नव्या, तरुण प्रोफेसरचं शेवटचं गाणं ऐकलं. तो गातो. हॅरिसनपेक्षा तर बराच गातो. आवाज गोड आहे, सुरेल आहे, मला मनापासून आवडला.

गाणं संपलं. मी वाट बघत होतो. स्नेह्यांनी डोळे उघडले.

"मुलगा गुणी आहे," ते म्हणाले. "पण सुरात फार येतो. थोडी मेहनत घेतली तर जाईल ते."